पिशवी सैल होते तेव्हा

“बाळाचं वजन वाढंलच. पण तुमचं काय हुतंय, ते बी सांगत चला. पोराकडं बघून काहीच वाटंना झालं, न्हाय ते मनात यायला लागलं, तर त्याच दिवशी या,” दवाखान्यातून घरी सोडताना क्रांती सिस्टर म्हणाल्या होत्या. बाळ दिवस भरायच्या आधीच झालेलं. म्हणून कांगारूसारखं उघड्या छातीशी बांधून त्याला ऊब द्यायची. भाग्यश्री हसली होती. “सिस्टर, बी.एस्सी. झूलॉजी हाय मी. कांगारूचं सगळं पाठ हाय मला.”

पाठ होतंच. शेंगदाण्याएवढं आंधळं पिल्लू आईच्या अंगावरचे केस धरत आपलं आपण पिशवीपर्यंत चढतं. आई त्याला उचलत नाही. एकदा सडाला चिकटलं की महिनोन्महिने सोडत नाही.

आता उचगावच्या घरात, भर दुपारी, शेजारच्या अंबूबाई टोपरं आणि अळिवाचे लाडू घेऊन आल्या होत्या. भाग्यश्रीच्या छातीशी बांधलेल्या दुपट्याच्या फटीतून त्यांनी बाळाचं टाळकं पाहिलं.

“अगं बया, खरंच कांगारू झालीया की ही. एक उडी मारून दाव बघू.”

“उडी कसली मारतीया,” चहा ओतत भाग्यश्रीच्या सासूबाई, धोंडुबाई म्हणाल्या. “गच्चीवर कापडं घालायला सांगितलं तर तेवढं हुईना.”

भाग्यश्रीही हसली. नाक आज्यावर गेलंय की मामावर, यावर दोघींचा बराच वेळ गेला. तिच्या तोंडाकडे कुणी पाहिलं नाही.

अंबूबाई गेल्यावर तिने दुपट्याची गाठ पुन्हा चाचपली. पाठांतरात आणखी एक ओळ होती. कुत्री मागे लागली की पळता पळता कांगारूच्या पिशवीचे स्नायू सैल पडतात, पिल्लू खाली पडतं आणि आई पळत राहते. परीक्षेत तिने ते लिहून पूर्ण मार्क घेतले होते.

तिच्या मागे तर कुणीच लागलं नव्हतं. तरी छाती सारखी धडधडायची. मागच्या आठवड्यात गच्चीच्या कठड्याशी उभी असताना तिचे हात आपोआप गाठीकडे गेले होते. त्या दिवशी ती जिना उतरली, ती परत वर चढलीच नव्हती.

“वरची वाळलेली तरी काढून आण,” सासूबाई म्हणाल्या.

“न्हाय जात मी, आत्ती.”

“का? पायाला मेंदी लावलीया व्हय?”

“मला माझ्याच हातांचं भ्या वाटतंय.”

धोंडुबाईंनी कप खाली ठेवला. भाग्यश्रीला गाठ सुटेना. ती त्यांनीच सोडली. पोलक्याची बटणं काढून बाळ आपल्या सुरकुतल्या छातीशी बांधलं आणि सुनेचं मनगट घट्ट धरलं.

“मी आळस म्हणत हुतो गं.”

“सोडू नका, आत्ती.”

“न्हाय सोडत. दुसऱ्या हातानं त्या सिस्टरला फोन लाव.”

कपडे दिवेलागणीनंतरही दोरीवरच होते.

तुमच्या गल्लीतही कुणी नुकतीच बाळंत झाली असेल. बाळ बघायला तुम्ही जालच. टोपरं द्या, नाक कुणावर गेलंय ते ठरवा. पण त्याआधी तिच्या तोंडाकडे बघा, कशी आहेस ते विचारा. आणि ती “बरी हाय” म्हणाली, तरी लगेच उठू नका.