पृथ्वीतत्त्वाची तिसरी पिन

अकरा वाजून पाच मिनिटं झाली, सात झाली, तरी राउटरचा दिवा हिरवाच राहिला, तेव्हा बाहेरच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एरवी तो रोज ठीक अकराला लाल व्हायचा. सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी घराच्या शुद्धीसाठी बोलावलेल्या लहरीमहाराजांनी मात्र डोळे मिटलेलेच ठेवले.

"या घरात पृथ्वीतत्त्व कमी आहे," ते म्हणाले. "म्हणून लहरी सैरभैर होतात. यंत्रात शिरतात, माणसात शिरतात. माउली, तुमच्या हाताला झिणझिण्या येतात की नाही?"

"येतात हो महाराज! इस्त्री करताना तर फारच."

महाराजांनी खोलीभर अत्तराचा फवारा मारला आणि राउटरच्या डोक्यावर तांब्याची जाड चकती ठेवली.

सून दारात उभी होती. ती घरूनच फोनवर दुभाष्याचं काम करायची, डॉक्टर आणि रुग्णांच्या मधलं. महिन्यात चारदा तिचा आवाज ऐन वेळी तुटला होता. उद्या अकराला शेवटची चाचणी. तेव्हाही तुटला तर नोकरी गेलीच. महाराजांवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता, पण हिरवा दिवा बघून मनातल्या मनात तिनंही हात जोडले होते, आणि त्याची तिला भारी लाज वाटत होती.

तेवढ्यात नणंद आली. पेशानं वायरमन, कमरेला पकड आणि टेस्टर. गर्दी बघून ती दचकली. "कोण गेलं?"

"गप गं! महाराजांनी नेट आणलंय," सासूबाई म्हणाल्या. "शुद्धी चालू आहे. तोवर विजेचं दुसरं काही लावायचं नाही."

"म्हणजे आज इस्त्री नाही?"

सासूबाई थबकल्या. त्यांची इस्त्री रोज अकराची. घड्याळ चुकेल, त्या चुकायच्या नाहीत.

"ताई," सून एकदम म्हणाली, "काल फोनवर या महाराजांनी तेच तर विचारलं होतं. अकराला घरात काय काय चालू असतं म्हणून!"

नणंदेनं कपाट सरकवलं. मागे एकच जुना एक्स्टेंशन बोर्ड, आणि राउटर आणि इस्त्री दोघांचा संसार त्याच्यावरच. "महाराज, लहरी शुद्ध झाल्यात ना? मग लावते इस्त्री."

"थांबा! इस्त्रीत अग्नितत्त्व..."

तिनं इस्त्रीचं बटण दाबलं. राउटर विझला, पुन्हा लागला, लाल झाला. अत्तराला न जुमानता जळक्या प्लास्टिकचा वास आला.

नणंदेनं भिंतीवरचं बटण आधी बंद केलं, मग वायर न ओढता प्लग धरून बाहेर काढला. बोर्डाची भोकं काळी पडली होती. "आतल्या पट्ट्या सैल झाल्यात. इस्त्रीचा भार आला की ठिणग्या उडतात, वीज तुटते, राउटर बंद पडतो. एक दिवस पडदाच पेटला असता. आणि हे तुमचं पृथ्वीतत्त्व!" प्लगची तिसरी, जाड पिन बुडापासून तोडलेली होती. "अर्थिंगची पिन. इस्त्रीतून निसटलेली वीज हिच्यातून जमिनीत जाते. ही नसली की आईच्या अंगातून जाते. कुणी तोडली?"

सासरे छताकडे बघू लागले. "भोकात बसत नव्हती," ते पुटपुटले. "दोन पुरतात की."

"पृथ्वीतत्त्व कमी आहे, हे मी सांगितलंच होतं!" म्हणत महाराजांनी चकती उचलली आणि चपला शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी बोर्ड कचऱ्यात होता, इस्त्री दुरुस्तीला. राउटर त्याच्या स्वतःच्या अडॅप्टरवर, भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटला; कपाटाखाली दबलेली त्याची केबलही सोडवलेली. चुरगळलेल्या साडीतल्या सासूबाई दाराशी पहारा देत बसल्या होत्या. सून चाळीस मिनिटं बोलली. एक शब्द तुटला नाही.

तेव्हा यंत्रापुढे हात जोडावेसे वाटले तर जोडा बापडे. पण आधी बटण बंद करा, प्लग काढा आणि पिना मोजा.