पाण्यात मीठ आहे

शुक्रवारी झाशीच्या खंडेराव गेटच्या आत पाय ठेवायला जागा नसे. चौथऱ्यावर काचेची मोठी बरणी, बरणीत तीन बारीक मासे आणि बरणीमागे मीनबाबा.

"ये मछलियाँ नहीं, न्यायाधीश हैं!" बाबा गर्जत. "जिसके हाथ पे छाया, उसकी मछली मरी!"

न्यायाधीश त्या वेळी पिठाच्या गोळ्यांमागे धावत असत.

ज्याच्यावर छायेचा, म्हणजे भुताच्या बाधेचा, संशय, त्याने घरच्या टाकीतला मासा आणून स्वतःच्या हाताने बरणीत सोडायचा. भजन संपेपर्यंत, म्हणजे चांगले दोन तास, तो जगला तर माणूस निर्दोष. हिवतापाचे डास होऊ नयेत म्हणून रेल्वे वसाहतीच्या टाक्यांत हे मासे सोडलेले असत. बाबांचे तिघेही त्याच जातीचे. त्यामुळे पाण्यावर कोणाचा संशयच जात नसे. तिघे सुखाने पोहत असताना चौथा मेला, तर दोष हाताचाच!

१९५४ सालच्या एका शुक्रवारी तो हात कमलिनीचा होता. माझा जुना विद्यार्थी जयसिंग इंजिनावर फायरमन होता. ही त्याची बायको. वर्षापूर्वी मालवणकडच्या खाडीकाठच्या गावातून ती झाशीला आली होती आणि तिला हिंदी जेमतेम समजत असे. दोनदा दिवस जाऊन मूल राहिलं नाही, म्हणून सासू गोदूबाईंनी तिला बाबांपुढे उभं केलं होतं.

मासा तडफडला, उलटा झाला.

"छाया है! चालीस दिन बरुआसागर के मठ में, बंद कोठरी में!"

टांगा तयारच होता. आदल्या वर्षी त्या कोठरीतून परतलेली एक बाई अजून कोणाशी बोलत नव्हती.

सकाळी विळीवर चिरलेलं बोट बरणीच्या पाण्याने चुरचुरत होतं; कमलिनीने ते तोंडात घातलं आणि ती ओरडली, "पाण्यात मीठ आहे! मीठ!"

गर्दी हसली. "मीठा तो हैई, बहू! बड़े कुआँ को पानी है!"

ती पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली आणि दर वेळी लोक कौतुकाने माना डोलवत राहिले. तिचं खरं बोलणंच तिच्याभोवती भिंतीसारखं उभं राहत होतं.

मी पुढे होऊन बरणीत बोट बुडवलं, चाखलं. "मीठा नहीं, भैया. हमारी मराठी में मीठ माने नमक. पानी खारा है."

हशा थांबला. बाबा मात्र डगमगले नाहीत. "खारा ही सही, मास्टरजी! तो मेरी तीन कैसे जिंदा हैं?"

लोक माझ्याकडे पाहू लागले. मी पुन्हा चाखलं; पाणी खारंच होतं.

"चौदह दिन दीजिए," जयसिंग कसाबसा म्हणाला. "उसके बाद ये फिर मछली छोड़ेगी."

"दिए!" बाबा हसले.

"पण तोवर ती मागच्या खोलीत राहील," गोदूबाई म्हणाल्या. "बाहेरून कडी लावून."

दुसऱ्या दिवशी मी त्या खोलीच्या खिडकीच्या गजांपाशी गेलो. कमलिनी म्हणाली, "मास्तर, पावसाळ्यात आमच्या खाडीचं पाणी गोडं होतं, मग ते परत खारं होत जातं. मासे तगतात. पण हळूहळू हो, एकदम नाही."

विद्यापीठात शिकलेला एक धडा मला तेव्हा आठवला. गोड्या पाण्यात माशाच्या कल्ल्यांतल्या काही पेशी बाहेरचं मीठ आत ओढून घेतात. खाऱ्या पाण्यात त्यांना उलट आतलं मीठ बाहेर टाकावं लागतं. हा बदल व्हायला, नव्या पेशी तयार व्हायला, काही दिवस लागतात. एकाएकी खाऱ्यात टाकलेल्या माशाला ती सवड मिळत नाही.

"मीठ मी आणतो," मी म्हणालो.

"नको. कडीला कुलूप नाही, पण सासूबाईंची नजर आहे." ती किंचित हसली. "पानात वाढतात की डावीकडे."

जयसिंगने टाकीतला एक मासा तांब्यात घालून आत दिला. कमलिनी अळणी जेवू लागली. पानातलं मीठ रोज चिमूट चिमूट करून तांब्यात जाई. ती पुन्हा मीठ मागे, तेव्हा गोदूबाई शेजारणीला सांगत, "छायेला मीठ फार लागतं, बाई!"

चौदाव्या दिवशी कमलिनी तांब्या घेऊन गेटपाशी आली. बरणीत हात घालून तिने मासा सोडला. भजन संपलं. चारही मासे पिठाच्या गोळ्यांमागे धावत होते.

"छाया उतर गई!" बाबा घाईघाईने म्हणाले.

मी टाकीतून आत्ताच काढलेला मासा वाटीतून पुढे केला. "अब इसे अपने पवित्र हाथ से छोड़िए."

बाबांनी हात मागे घेतला. "आज मछलियों का मौन है."

"सोडू नकाच," कमलिनी म्हणाली. "उगाच मरेल बिचारा."

मी लोकांना सगळं उलगडून सांगितलं: बाबांचे मासेही असेच, दिवसादिवसाने खाऱ्या पाण्याला सरावलेले. माझं बोलणं किती जणांना पटलं, कोण जाणे. तेवढ्यात गोदूबाई चौथऱ्यावर चढल्या. त्यांनी बरणीत बोट बुडवून जिभेवर ठेवलं.

"मीठच आहे गं," त्या सुनेला म्हणाल्या. मग गर्दीकडे वळून, मोडक्या हिंदीत, पण मोठ्याने: "नमक! सब लोग चाखो!"

वाचकहो, माझं मागणं याहून मोठं नाही. कुणाला कोठरीत घालण्याआधी आपलं बोट बुडवा आणि चाखून पाहा.