चाचणीची पट्टी

‘नमस्कार, काकू! तुमची वेबसाइट अजून अपूर्ण आहे.’

टॅबच्या काचेवर ही अक्षरं उमटली आणि काकांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. काकूंना जाऊन आठ महिने झाले होते. भर दुपार, दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, जेवणाचा डबा तसाच उघडा, आणि हे पाटीएवढं यंत्र त्यांच्या बायकोला हाक मारत होतं.

त्यांनी सुनेला फोन लावला. “सूनबाई, हे तुझ्या सासूला बोलावतंय.”

“कोण, बाबा?”

“तुझी ती वेबसाइट.”

दुसऱ्या गावातून सून आधी हसली, मग चपापली. “अहो, टॅब आईंचा, ईमेल आईंचा. तुमचा ईमेल आहेच कुठे? म्हणून त्यांच्या खात्यावरून उघडली. त्यांनी खात्याला नावच ‘काकू’ दिलंय, त्याला मी काय करू? बदलू का?”

“राहू दे आत्ता.”

“मग त्या चौकटीत दुकानाबद्दल चार ओळी लिहून ठेवा. बाकीचं मी उद्या बघते. गिऱ्हाइकांना वेबसाइटचा पत्ता परवाच पाठवलाय. आणि बाबा, कुठलंही बटण दाबू नका हं!”

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

फोन ठेवला आणि काका पुन्हा त्या नावाकडे बघत बसले. काकू! सत्तरीचे म्हातारेसुद्धा तिला काकूच म्हणायचे. खुद्द काकांनी मात्र अडतीस वर्षांत तिला नावाने हाक मारली नव्हती. ‘अगं’ एवढ्यावर सगळा संसार झाला.

दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. दुरुस्ती त्यांची, दुकान तिचं. काका पडद्यामागे तेलात हात बुडवून बसायचे, गिऱ्हाइकांशी बोलायची ती. “यांच्या तोंडून शब्द काढायचा तर पाना लावावा लागतो,” असं ती भर दुकानात सांगायची आणि बायका हसून लोटपोट व्हायच्या. पण तिचा एक नेम होता. दुरुस्त झालेल्या मशीनवर ती स्वतः पांढऱ्या कापडाची पट्टी चालवून बघायची, त्याशिवाय मशीन दुकानाचा उंबरा ओलांडत नसे. पायडल मारता मारता देवाचं काहीतरी गुणगुणायची. टाका आणि गाणं एका लयीत आलं, की पडद्यामागून काका विचारायचे, “बोलतंय का?”

“बोलतंय हो.”

मग ती पट्टी मधोमध कापायची. अर्धी मशीनला टाचायची, अर्धी तारीख घालून पत्र्याच्या डब्यात टाकायची. टाका सुटला तर गाणं थांबायचं, आणि काका न सांगता स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर यायचे.

आता भिंतीकडेला अकरा मशिनं कापडं पांघरून उभी होती. सगळी दुरुस्त झालेली. सुनेला याचा पत्ता नव्हता. तिला वाटत होतं गिऱ्हाईक तुटलंय, म्हणून तर ही वेबसाइट. काका मात्र विचारायला येणाऱ्याला “थोडं काम बाकी आहे” म्हणून परत पाठवत होते. दोनदा स्वतः स्टुलावर बसून पाहिलं. पाय पायडलवर गेला, कान गाण्याची वाट बघू लागले आणि पाय तिथेच थिजला. आज सकाळीच शाळेचे गणवेश शिवणारी बाई बजावून गेली होती, “काका, उद्या टेम्पो घेऊन येते. माझी रोजीरोटी आहे ती. होत नसेल तर दुकानाची पाटी उतरवा!”

चौकटीत लिहिलं होतं, ‘काकू, तुमच्या कामाबद्दल थोडं सांगा.’

काकांनी बोट फडक्याला पुसलं. एकेक अक्षर शोधत ते लिहू लागले.

‘अगं, अकरा मशिनं तयार आहेत. सुई, पट्टा, तेलपाणी सगळं बघितलंय. कुणालाच दिलेली नाहीत. तू चालवून बघितल्याशिवाय कशी देऊ? मला टाका दिसतो, पण बोलतंय का ते कळत नाही. लोक रागावलेत. त्यांचं बरोबर आहे. पट्ट्यांचा डबा जागच्या जागी आहे. तुझी कात्री मी कागदाला लावलेली नाही.’

तासभर गेला. खाली एक मोठं हिरवं बटण होतं. लिहिलेलं पत्र पेटीत टाकायचं असतं, एवढंच काकांना ठाऊक. त्यांनी बटण दाबलं.

‘अभिनंदन, काकू!’

पुढचं वाचवेना. त्यांनी टॅब पालथा घातला.

सकाळी शटर उघडलं तर गणवेशवाली दारात उभी. टेम्पोबिंपो काही नाही.

“आज देतोच,” काका पुटपुटले.

“मी वाचलं, काका.”

“काय वाचलं?”

“तुमची वेबसाइट. सगळ्या आळीने वाचली.”

काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “ते... ते तुमच्यासाठी नव्हतं.”

“कळतंय की तेवढं. म्हणून तर रिकाम्या हाताने आले.” तिने आपल्या मशीनवरचं कापड काढलं, स्टूल ओढलं. “पट्टी द्या. आणि तुम्ही आपले पडद्यामागे जा बरं, समोर उभे राहिलात तर माझा हात चालायचा नाही.”

काका आत गेले. स्क्रूड्रायव्हर घट्ट धरून उभे राहिले. बाहेर पायडल हललं, चाक फिरलं. आठ महिन्यांत त्या स्टुलावरून आवाज आला नव्हता. आणि मग, हळूच, बाई गुणगुणू लागली. चाल वेगळी, सूर तर भलतीकडेच. पण पडद्यापलीकडे कोण बसलंय हे ठाऊक असूनही काकांना पडदा बाजूला करवेना. तोंडून आपसूक गेलं, “अगं, बोलतंय का?”

चाक थांबलं. 

“नाही हो काका,” बाई हलक्या आवाजात म्हणाली. “मधेच टाका सोडतंय.”

काका लगेच बाहेर आले. वाकून पाहिलं. धाग्याच्या ताणाचा स्क्रू खरंच सैल होता. म्हणजे मशीन तयार नव्हतंच. काकू असती तर हेच म्हणाली असती. त्यांनी स्क्रू पाव फेरा आवळला.

“आता बघा.”

पट्टी सरकन पुढे गेली.

“आता बोलतंय.”

संध्याकाळपर्यंत आणखी चौघी आल्या. एकेकीने स्टुलावर बसून आपापलं मशीन बोलतं करून नेलं. काकांनी काकूंच्याच कात्रीने पट्ट्या कापल्या, अर्ध्या डब्यात ठेवल्या. डब्यातल्या वरच्या जुन्या पट्टीवर तिच्या अक्षरातली शेवटची तारीख होती. तिच्यावर त्यांनी आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरातली आजची तारीख ठेवली.

सुनेचा फोन आला. “बाबा, मी सांगितलं होतं ना बटण दाबू नका? आईंना लिहिलेलं सगळ्या जगाने वाचलं! थांबा, ते काढते, नीट मजकूर घालते आणि खातं तुमच्या नावावर करून टाकते.”

“मजकूर काढ,” काका म्हणाले. मग जरा थांबून, “नाव राहू दे.”

“पण दर वेळी ते आईंनाच हाक मारणार, बाबा.”

“मारू दे की. दिवसातून एकदा तरी कुणी मारतंय.”



दिवा मालवायच्या आधी काकांनी टॅब सरळ केला. काच उजळली.

‘नमस्कार, काकू! आज तुमच्या वेबसाइटवर त्रेचाळीस जण येऊन गेले.’

काकांनी ते दोनदा वाचलं. मग टॅब उचलून काउंटरवर ठेवला, स्टुलाकडे तोंड करून.