रोज पुसलेली पाटी

चाक निखळलेली, चेन अडकलेली, मूठ तुटलेली प्रवासी बॅग बॅगवाल्या काकांच्या हातात गेली की ठणठणीत होऊनच परत यायची. हल्ली मात्र बॅगाच येत नव्हत्या. मुलानं स्पष्ट सांगून टाकलं, "बाबा, दुकानाची वेबसाइट काढून तीन महिने बघू. तिच्यावरून एकही गिऱ्हाईक आलं नाही तर दुकान बंद. मग तुम्ही घरी आराम करायचा." आराम म्हणे! चाळीस वर्षं त्यांनी तो प्रकार केला नव्हता, आणि आता शिकायची इच्छाही नव्हती.

सून वेबसाइटच्याच कामातली. तिनं एक पान बनवलं. वर शीर्षक, खाली मजकूर, प्रत्येक फोटोला साधं नाव. "बाबा, लोक शोधताना जे शब्द लिहितात, तेच आपल्या पानावर हवेत. 'बॅगची चेन अडकते? दुरुस्त करून मिळेल.' बास." पानात बदल कसा करायचा तेही तिनं दाखवलं. काकांनी मान डोलावली. त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं होतं, पण सुनेपुढे तसं म्हणायचं कसं?

दोन आठवड्यांनी फोनवर शोधताना दुकानाचं पान निकालांच्या चौथ्या पानावर दिसलं. सून खूश. दुसऱ्या दिवशी गायब. पुन्हा दिसलं, पुन्हा गायब. ती बुचकळ्यात पडली आणि काका तिच्याहून जास्त. रोज सकाळी एवढं मन लावून आपण काम करतो, तरी हे असं का, हे त्यांना कळेना.

दीड महिना गेल्यावर सून लॅपटॉप घेऊन दुकानात येऊन बसली. पानात झालेल्या बदलांची यादी तिनं उघडली आणि डोळेच विस्फारले.

"रोज सकाळी साडेआठला सगळं बदललंय! शीर्षक, मजकूर, पानाचा पत्तासुद्धा! हे कोण करतंय?"

"मीच की," काका अभिमानानं म्हणाले आणि त्यांनी दाराबाहेर बोट दाखवलं. तिथं खडूनं लिहायची काळी पाटी होती. दुकान उघडलं की कालचं पुसायचं आणि नवं लिहायचं, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. "शिळी पाटी कोण वाचतो गं?"

सुनेनं कपाळावर हात मारला. "बाबा, दुकान रोज नव्या गल्लीत मांडलं तर गिऱ्हाईक येईल कुठे? शोधणारं यंत्र कालच्या पत्त्यावर जातं, तिथं काहीच नसतं!"

काकांनी पाटीकडे पाहिलं. म्हणजे दुकान वाचवायला रोज उठून जे केलं, त्यानंच दुकान बुडत होतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

सुनेनं पहिल्या दिवशीचं शीर्षक पुन्हा लावलं, पत्ता पक्का केला आणि बजावलं, "आता हात लावायचा नाही." काकांचे हात रोज सकाळी शिवशिवत. साडेआठ वाजले की ते बाहेरची पाटी दोनदा पुसत आणि कसेबसे गप्प बसत.

मुदतीचा शेवटचा शनिवार उजाडला. मुलगा संध्याकाळी किल्ली न्यायला येणार होता. काका हत्यारं पुसून पेटीत भरत होते, तेवढ्यात एक बाई मोठी बॅग ओढत आत आल्या. "चेन अडकलीये. फोनवर शोधलं तर तुमचंच दुकान आलं."

काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "काय लिहून शोधलंत?"

"हेच की, बॅगची चेन अडकते."

काका चक्रावले. एवढं साधं? पहिल्याच दिवशी अगदीच मिळमिळीत वाटलं म्हणून त्यांनी पुसून टाकलं होतं ते! त्यांनी पेटीतून पक्कड परत काढली, चेन सरळ करून दिली आणि मगच सुनेला फोन लावला.

"आलं गं एक गिऱ्हाईक. वेबसाइटवरून!" काका म्हणाले. "पण खरं सांगू? हे झालं कसं, ते मला अजून कळलेलं नाही."

"नाही कळलं तरी चालेल, बाबा," सून म्हणाली. "फक्त पुसू नका."