काय म्हणालात?

पेशंटच्या दंडावरचा पट्टा सोडवून डॉक्टरांनी त्याची नीट घडी घातली आणि ते कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "लिहा, वादळबाई. म्हातारा अजून स्वतःच्या हाताने बीपी बघतो."

कोपऱ्यात बसलेली तरुण डॉक्टर हसली. शिकाऊ असताना ती याच दवाखान्यात त्यांच्या हाताखाली होती आणि जिना धाडधाड चढायची, तेव्हापासून तिचं हे नाव पडलेलं. फॅमिली डॉक्टरांचं ज्ञान अधूनमधून तपासायचा नियम आल्यावर त्यांची संघटना तिला परीक्षक म्हणून पाठवू लागली होती. सरांचं नाव आलं तेव्हा मात्र तिला कसंनुसं झालं. ज्यांनी स्टेथोस्कोप धरायला शिकवला, त्यांची परीक्षा काय घ्यायची? पण लेखी भागात सरांनी तिलाच गार केलं. नवी औषधं, बदललेले डोस, सगळं तोंडपाठ. आता सकाळभर त्यांच्या तपासणीला बसायचं आणि सही करून मोकळं व्हायचं, एवढंच उरलं होतं.

टेबलाशेजारी काकू बसल्या होत्या. सरांच्या पत्नी आणि दवाखान्याच्या नर्सही त्याच. पेशंटचं बोलणं मोठ्याने परत म्हणायची त्यांना सवय होती.

"काय म्हणालात? खोकला आडवं झाल्यावरच येतो?"

"काय म्हणालात? गुडघा जिना उतरताना दुखतो?"

एक पेशंट हसून म्हणालाही, "काकू, माझं दुखणं तुमच्या तोंडून ऐकलं की जास्तच खरं वाटतं."

थोड्या वेळाने काकू उठल्या. "बाहेर गर्दी झालीये. जरा बघून येते," म्हणाल्या आणि दार ओढून गेल्या.

पुढच्या पेशंट निवृत्त शिक्षिका होत्या. सगळा आवाज वर्गातच खर्चून आल्यासारख्या हळू बोलत होत्या. मान खाली घालून पिशवीत गोळ्यांचं पाकीट शोधता शोधता म्हणाल्या, "बीपीची गोळी घेतली की उठताना अंधारी येते. परवा बाथरूममध्ये पडले."

"छान," डॉक्टर म्हणाले. "तीच चालू ठेवा."

आणि लिहू लागले.

बाईंनी मान वर केली. सापडलेलं पाकीट पुन्हा पिशवीत टाकलं. डॉक्टर म्हणतात तर ठीकच असेल, अशी समजूत त्यांनी घालून घेतलेली दिसली.

सकाळपासून ऐकलेली काकूंची वाक्यं तरुण डॉक्टरच्या डोक्यात एकदम उलगडली. परीक्षकाने मध्ये बोलायचं नाही, असा नियम होता. ती उठली आणि टेबलाशेजारच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसली.

"काय म्हणालात?" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "बीपीची गोळी घेतली की उठताना अंधारी येते? बाथरूममध्ये पडलात?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. लिहिलेली ओळ खोडली, बाईंना आडवं केलं, बीपी पाहिलं; मग उभं करून पुन्हा पाहिलं. आकडा बराच खाली आला होता. डोक्याला लागलं का, हात-पाय बधिर वाटतात का, सगळं एकेक करून विचारलं. प्रत्येक उत्तर वादळबाईंनी मोठ्याने परत म्हटलं. शेवटी डॉक्टरांनी गोळी अर्धी केली आणि बाईंना स्वतः हात धरून दारापर्यंत सोडलं.

परत येऊन ते बराच वेळ टेबलावरच्या वस्तू सारख्या करत राहिले.

"मला सही करता येणार नाही, सर," ती त्यांच्यासमोर येऊन, ओठ नीट हलवत म्हणाली.

"करूही नकोस." ते खुर्चीत टेकले. "मशीन घ्यायला हवं, हे कळतं गं मला. कानात मशीन घातलेला डॉक्टर. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, डॉक्टरांना आता ऐकू येतं."

डॉक्टर हसले खरे, पण लगेच चष्मा काढून पुसायला लागले. "त्या बाई आज नुसत्याच घरी गेल्या असत्या," ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "तुझ्या काकूला सांगू नकोस. तिला वाटतं, मला आजवर कुणी पकडलं नाही. उगाच जिवाला लावून घेईल."

ती बाहेर आली. बाहेर गर्दी नव्हती. एकही पेशंट नव्हता. बाकावर काकू एकट्याच, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. तिला बघून त्या उठल्या नाहीत.

"बोललीस?" त्यांनी विचारलं.

तिने मागचं दार हळूच ओढून घेतलं.

"संघटनेला तुझं नाव मीच सुचवलं," काकू म्हणाल्या. "माझ्या तोंडून निघत नव्हतं गं." आणि शेजारच्या जागेवर हात ठेवून म्हणाल्या, "बस जरा. त्यांना थोडा वेळ एकटं राहू दे."