कोलफेरीच्या दोनशे चौदा कबरी

“कोलफेरीच्या दफनभूमीत ज्यांचं कुणी असेल त्यांनी हात वर करा आणि बाहेर जाऊन बसा,” झेल्निकबाई म्हणाल्या. ब्लान्श झेल्निक आमच्या ज्यू दाननिधीच्या समितीच्या अध्यक्ष. वय ब्याऐंशी, आणि आवाज असा की हात वर करण्याआधी माणूस उभाच राहतो.

हात कुणीच वर केला नाही. एक विगोडर वकील सोडले तर सगळे इथेच, शहरात जन्मलेले. कोलफेरी ओहायो नदीच्या काठाने वर पासष्ट मैलांवर. तिथला पोलादाचा कारखाना बंद पडला आणि ज्यू माणसं एकेक करून निघून गेली, त्याला दोन पिढ्या झाल्या.

“सगळे स्वच्छ. चला पुढे,” बाई म्हणाल्या.

“कबरींची यादी जोडली आहे ना?” विगोडर वकील म्हणाले. “मग वाचू दे टिलीला.”

“दोनशे चौदा नावं? अहो, कॉफीबरोबरची रगेलख बिस्किटं शिळी होतील तेवढ्यात!”

“होऊ देत. नियम नियम आहे.”

हे गृहस्थ बॉस्टनहून येऊन चारच वर्षं झाली होती. नियम म्हटला की जेवणाच्या ताटावरून उठणारा माणूस. मला ते अजिबात आवडत नसत, हे आधीच सांगून टाकते. सव्वीस वर्षं मी या निधीच्या सभांचं इतिवृत्त लिहीत होते. आमचं काम तसं सरळ. माणसं जाताना मागे काही ठेवून जातात, कुणी घर, कुणी विम्याची रक्कम. मूळ पैशाला हात लावायचा नाही. वर्षाला शेकडा चार तेवढे काढायचे आणि त्यातून शाळा चालवायची, म्हाताऱ्यांना जेवण पोचवायचं, सणाआधी गरजूंच्या घरी गुपचूप पीठ टाकायचं. समितीत सात जण, एकालाही छदाम मिळत नाही. उलट दरवर्षी प्रत्येकाकडून एका कागदावर सही घेतात, की जिथे माझं हित गुंतलं असेल तिथे मी खोलीबाहेर जाईन. तो कागद मी सव्वीस वर्षं मुकाट्याने कपाटात लावत आले होते.

टेबलाच्या टोकाला हायमन ग्लासर बसले होते. वय एक्याऐंशी, कोलफेरीत खिळे-नळांचं दुकान, आणि त्या गावातले शेवटचे ज्यू. तिथल्या दफनभूमीचं गवत अडतीस वर्षं त्यांनी स्वतः कापलं. आता गुडघे संपले होते. येत्या रविवारी मुलगी त्यांना ॲरिझोनाला नेणार होती. गावातलं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनामंदिर, त्यांनी एका नृत्यशाळेला विकलं होतं आणि त्याचा चेक कोटाच्या आतल्या खिशात घालून आणला होता. आमच्याकडून त्यांना एकच शब्द लिहून हवा होता, ‘कायम’. आम्ही दफनभूमी कायमची सांभाळू. तो मिळाला नाही, तर जूनपर्यंत तिथे कमरेएवढं गवत उभं राहणार होतं, आणि हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मी वाचायला लागले. विसाव्या नावाला सिड रोथबर्ग खुर्चीत सरसावले.

“थांब, थांब. बेन्झायन लेवित? माझ्या आईच्या आजोबांचं नाव बेन्झायन. ते ‘नदीवर’ राहायचे म्हणे. नदीवर म्हणजे कुठे, ते कुणी कधी विचारलंच नाही.”

“पाठीवर कापड घेऊन विकायचे ते,” ग्लासर म्हणाले. “तिसरी ओळ, कुंपणाजवळ. शिळा जरा कललीय त्यांची. मी टेकू लावलाय.”

सिड उभे राहिले. मग कोट उचलून बाहेर गेले.

साठाव्या नावाला मिरा काप्लो गेली. तिथे तिची एक आत्या होती, चार वर्षांची असताना घटसर्पाने गेलेली. घरात तिचं फक्त नाव माहीत होतं. “तिच्याशेजारी लायलॅक आहे,” ग्लासर म्हणाले, “मेमध्ये या.” मिरा हो म्हणाली. त्यानंतर आणखी दोघे गेले. प्रत्येक वेळी ग्लासर ओळ सांगत, झाड सांगत, शिळेला तडा गेला असेल तर तोही सांगत. कागदाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मी या लोकांचे चहा-कॉफीचे कप मोजत होते, आणि यांची मुळं त्या नदीकाठच्या एका टेकाडावर होती, एका खिळेवाल्याच्या हवाली.

“तीन उरलो,” झेल्निकबाई म्हणाल्या. “चार लागतात. शाबास विगोडर! आता काय?”

“निधीच्या मोठ्या मंडळातला कुणीही सभासद बदली म्हणून बसू शकतो. कलम नऊ. ज्याचं तिथे कुणी नाही असा शोधा.”

मी फोनला लागले. पहिल्याची चुलत आजी तिथे. दुसऱ्याच्या बायकोचे पणजोबा. तिसरा म्हणाला, “अगं टिली, माझे दोन मामा आहेत तिथे. अजून कुणी गवत कापतं का गं?” अकरावा फोन झाला तेव्हा झेल्निकबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बारावा मी दातांच्या दवाखान्यात लावला.

“माझं कोण असणार तिथे?” डॉक्टर करीन लिंडस्ट्रॉम म्हणाली. “माझे आजोबा लूथरन पाद्री होते, मिनेसोटात. मी ज्यू झाले त्याला नऊ वर्षं होतील. एक दाढ काढते आणि आलेच.”

पंचवीस मिनिटांत ती पांढऱ्या कोटातच आली.

मग विगोडरांनी मला ज्याची भीती होती तेच केलं. “चेकच्या रकमेतून वर्षाला पाच हजार सहाशे डॉलर निघतील. गवत, कुंपण, कललेल्या शिळा, सगळं धरून नऊ हजार लागतात. म्हणजे पंचाऐंशी हजारांचा खड्डा आहे. ग्लासर, मला वाईट वाटतं, पण ‘कायम’ हा शब्द मी खोटा लिहिणार नाही.”

“नका लिहू,” ग्लासर म्हणाले. “खोटा मलाही नकोय.”

“आजवर हे नऊ हजार कोण देत होतं?” करीनने विचारलं.

“कुणी नाही. मी कापायचो ना.”

“आणि तुमचे कोण कोण आहेत तिथे?”

“आयडा, माझी बायको, आणि तिचे वडील. बाकी दोनशे बारा जणांशी नात्याने माझा काही संबंध नाही. आयडाचे वडील सांभाळायचे, ते गेल्यावर माझ्याकडे आलं. मेलेला माणूस परत येऊन थँक यू म्हणत नाही, बाई. म्हणून ते बरं काम.”

विगोडरांनी आपल्या कागदावरच्या आकड्यांखाली एक रेघ ओढली. मग म्हणाले, “माझं असं म्हणणं आहे. आपण जबाबदारी आजपासून घ्यायची. खड्डा भरेपर्यंतची तूट विनाअटीच्या निधीतून. ज्यांनी कसलीही अट न घालता पैसे ठेवले, त्यांनी असल्या दिवसासाठीच ठेवले असणार. खड्डा वर्षाच्या आत भरायचा.”

“भरणार कोण?” झेल्निकबाई म्हणाल्या.

विगोडर उठले, दार उघडलं आणि बाहेर बसलेल्या चौघांना म्हणाले, “तुम्हाला मत देता येत नाही. चेक लिहू नका असं मात्र कुठलंही कलम म्हणत नाही.” दार लावून घेतलं आणि मला म्हणाले, “टिली, हे इतिवृत्तात नको.”

चार विरुद्ध शून्य. करीनने हात सगळ्यात उंच धरला होता. माझं विगोडरांबद्दलचं मत त्या दिवशी बदललं, हेही सांगून टाकते.

चौघे आत आले. करारावर कोलफेरीच्या मंडळीतर्फे, म्हणजे तिथल्या सिनेगॉगच्या संस्थेतर्फे, तीन सह्या हव्या होत्या, अध्यक्ष, खजिनदार आणि सचिव. ग्लासरांनी अध्यक्ष म्हणून सही केली. खजिनदार म्हणून केली. सचिवाच्या रेघेवर पेन थांबलं.

“ही आयडाची जागा,” ते म्हणाले. “नऊ वर्षं झाली. तिच्या जागी मी कुणाला नेमलं नाही.”

“इतिवृत्त कोण लिहितं सध्या?” विगोडरांनी हळूच विचारलं.

“मीच. शनिवारी शब्बाथ संपला की, स्वयंपाकघरात.”

“मग सचिव तुम्हीच.”

त्यांनी सही केली. तारीख घातली. मग टेबलाला धरून उभे राहिले, कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, “कोलफेरीच्या मंडळीची सभा सुरूच आहे अजून, ती संपवायला हवी. कुणाला काही बोलायचं आहे?”

आम्ही सगळे नकळत उभे राहिलो. बोलायचा हक्क असलेला त्या मंडळीत दुसरा कुणी नव्हता. तरी ग्लासर थांबले. खोलीभर सावकाश नजर फिरवून त्यांनी द्यायला हवा तेवढा पुरा वेळ दिला.

“नाही?” ते म्हणाले. “मग सभा संपली.”