माझ्या गालावरचा बाण

मित्रांनो, मधल्या सुट्टीत ज्याच्या पाठीवर तुम्ही धबाधब उड्या मारता, तो मी. मी एक जुना टायर आहे. शाळेच्या फाटकातून आत आलं की एका बाजूला अर्धा मातीत पुरलेला मी आणि दुसऱ्या बाजूला माझा जुळा भाऊ. तुम्ही आम्हाला कधी घोडा म्हणता, कधी बस म्हणता, परवा तर एकाने म्हैस म्हटलं. चालायचंच. पण माझ्या गालावर हा लाल बाण कुणी काढला, असं आजवर एकानेही विचारलं नाही. विचारलं नाही तरी मी सांगणार आहे.

तापलेल्या साच्यात दाबून मला घडवलं, तेव्हाच माझ्या अंगावर रबराच्या जाड, तिरक्या पट्ट्या उठल्या आणि दोन्ही गालांवर एकेक बाण उमटला. पुढे फिरायचं ते या बाणाच्या दिशेने, एवढाच त्याचा अर्थ. ट्रकमधून आम्ही दोघे भाऊ धुळ्याला आलो आणि आग्रा रोडवर हारुनभाईंच्या दुकानात भिंतीला टेकून उभे राहिलो. शेजारी रुंद, गलेलठ्ठ टायर होते. गिऱ्हाईक आलं की आधी त्यांच्याकडेच जायचं. आमच्याकडे बघून लोक म्हणायचे, "हे काय, सायकलचे का?" मला फार राग यायचा.

१९८७ सालच्या उन्हाळ्यात सोनगीरजवळच्या एका गावातून तिघेजण दुकानात आले. कोशाचा फेटा बांधलेले पुनाआबा, त्यांची सून झुंबरबाई आणि चुलतपुतण्या छगन. झुंबरबाईचा नवरा भुसावळला रेल्वेत होता, म्हणून शेत तीच बघायची. आबांच्या बैलजोडीतला एक बैल आदल्या वर्षी गेला होता आणि उरलेला हरण्या म्हातारा झाला होता. नवी जोडी घेण्याऐवजी छोटा ट्रॅक्टर घेऊ, असा हट्ट झुंबरबाईने धरला होता. कुणाचा तरी वापरलेला ट्रॅक्टर मिळाला, पण त्याचे मागचे टायर पार गुळगुळीत झाले होते.

छगनने दुकानात शिरताच रुंद टायरवर थाप मारली. "हाऊ घ्या आबा. गावमा रुबाब पडी!"

 झुंबरबाईने कमरेची सुतळी काढली. तिला दोन गाठी मारलेल्या होत्या. कपाशीच्या दोन ओळींमध्ये जेवढं अंतर ती ठेवणार होती, तेवढंच त्या दोन गाठींमध्ये होतं. छोट्या ट्रॅक्टरची मागची दोन्ही चाकं त्या दोन ओळींच्या मधूनच जायला हवी होती. हारुनभाईंनी सुतळी जमिनीवर ताणली, तिच्यावर चाकांमधलं कमीत कमी अंतर ठेवून दोन रुंद टायर उभे केले आणि नकाराने मान हलवली. मग आम्हा दोघांना आणलं. आम्ही गाठींच्या आत बसलो आणि दोन्हीकडे वीतभर जागा उरली.

"अक्का, तुम्ही नेमकं माप आणलं," हारुनभाई म्हणाले. "रुंद टायर घेतले असते तर कपाशीवरूनच गेले असते."

अवजारांचंही तसंच झालं. शेजारच्या लोहाराकडे छगनला मोठा पल्टी नांगर आवडला. झुंबरबाईने छोटा नांगर, वखर आणि ओळींमधलं तण काढायला एक कोळपं, एवढंच घेतलं. छोट्या इंजिनाच्या गळ्यात मोठा नांगर बांधला तर त्याचा जीव निघेल, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने बैल पाहिले होते, तेवढं पुरे होतं.

हारुनभाईंनी आम्हाला दुकानाबाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या ट्रॅक्टरला बसवलं आणि आमच्या ट्यूबमध्ये पाणी भरलं. छोटा ट्रॅक्टर हलका असतो, पोटात पाणी असलं की चाक जमीन धरून राहतं. पहिले दोन दिवस मला आत डुबुक डुबुक व्हायचं. निघताना त्यांनी माझ्या गालावर बोट ठेवून छगनला बजावलं, "बाण पुढे राहिला पाहिजे, लक्षात ठेवा." छगन तेव्हा हॉर्न वाजवून बघण्यात गुंग होता. झुंबरबाई अवजारं ट्रॉलीत चढवत होती. आमचं दुर्दैव तिथे सुरू झालं.

घरी मात्र आमचं कौतुक झालं. झुंबरबाईच्या अंगणात ट्रॅक्टरसाठी पत्र्याचं छप्पर होतं आणि तिथली जमीन तिने त्याच सकाळी सारवली होती. आम्ही ओल्या सारवणावरून आत गेलो आणि आमचे ठसे उठले. छगन म्हणाला, पुन्हा सारवून घे. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लक्ष्मीना पाय शेतस त्या." ते ठसे तिने कधीच पुसले नाहीत. कुणी माझ्या ठशांना लक्ष्मीचे पाय म्हटल्यावर मला किती बरं वाटलं असेल, तुम्हीच सांगा.

उन्हाळ्यात नांगरणी झकास झाली. तेव्हा चाकं एकमेकांपासून लांब, ऐसपैस बसवलेली होती. आषाढात कपाशी वीतभर झाली आणि ओळींमधून कोळपं चालवायची वेळ आली. आता चाकं जवळ आणायला हवी होती. आमची लोखंडी तबकडी बशीसारखी खोलगट असते. तिचा खोलगट भाग बाहेर किंवा आत केला की चाकं लांब किंवा जवळ होतात.

"यामा काय शे वहिनी? चाक फिरावानं, बस!" असं म्हणून छगनने मला काढलं, जागच्या जागी उलटं केलं आणि पुन्हा त्याच बाजूला बसवलं. भावाचंही तेच केलं. चाकं जवळ आली, पण आमचे बाण मागे झाले! मी मनातल्या मनात ओरडून ओरडून दमलो. टायरला आवाज फक्त फुटताना असतो, आणि फुटायची माझी तयारी नव्हती.

काळ्या मातीत उतरलो आणि फजिती सुरू झाली. बाण सरळ असला की पट्ट्या चिखल बाहेर फेकतात. उलटा असला की चिखल आत गोळा होतो. माती ना फार ओली ना कोरडी, असा चांगला वाफसा असूनही मी जागच्या जागी गरगर फिरू लागलो. चार ओळी झाल्या की ट्रॅक्टर रुतायचा आणि माणसं ढकलायला लागायची. इकडे तण वाढत होतं. छगन सगळ्यांना सांगत सुटला, "टायरच खोटा शे. बारीक टायर घ्या म्हने!"

त्यात एके सकाळी निंदणीला, म्हणजे हाताने तण काढायला निघालेली गावातली भागाबाई इतर बायकांबरोबर आमच्या मागून वाटेने येत होती. खाली बघता बघता ती थबकली.

"ओ माय! ट्रॅक्टर वावरमा गयं, आनी पाय त घरकडे येतस!"

बायका वाकून बघू लागल्या. माझा ठसा कोंबडीच्या पायासारखा उमटतो, आणि त्या सगळ्या कोंबड्या खरोखरच शेताकडून घराकडे चाललेल्या दिसत होत्या. भागाबाईने आवाज खाली आणला. "उलटा पाय कोना ऱ्हातस, ठाऊक शे ना?" उलटे पाय हडळीचे असतात, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. त्या दिवसापासून निंदणीच्या बायकांनी झुंबरबाईच्या शेतात पाऊल टाकलं नाही. उन्हाळ्यात मी लक्ष्मी होतो, आता हडळ झालो.

त्या संध्याकाळी आबा ओट्यावर बसून म्हणाले, "पोयापर्यंत वाट देखसू. मंग ट्रॅक्टर इकी टाकसू आनी जोडी लयी येसू." पोळ्याला पंधरा दिवस होते. आबा चिडले नव्हते, म्हणूनच झुंबरबाईला जास्त लागलं. ट्रॅक्टर गेला असता तर दुसरा येणार नव्हता, आणि शेतातला कोणताही निर्णय तिला पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. ती छपराखाली आली आणि माझ्यावर हात ठेवून उभी राहिली.  मला तेव्हा रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

मग तिचं लक्ष खाली गेलं. तेच ते सारवणातले लक्ष्मीचे पाय! ट्रॅक्टर आत आला होता आणि त्या ठशांची बोटंही आतल्याच दिशेला होती. ती बाहेर वाटेवर गेली, ताजे ठसे बघितले, परत आली, पुन्हा गेली. म्हणजे पाय आधी सुलट होते, नंतर उलटे झाले होते. तिने छगनला बोलावून चाकं पुन्हा फिरवायला सांगितलं. छगन म्हणाला, "फिरावसू, पन मंग चाक लांब व्हतीन. कपाशीवर चाली जाई." तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी वाटेवरचा वाळलेला ठसा तिने खुरप्याने कापून काढला, भाकरीएवढा, आणि ट्रॅक्टर ज्या दिशेने गेला होता तिकडे तोंड करून त्यात एक काडी खोचली. तो ठसा पाटीत ठेवून, वर ओलं फडकं टाकून ती एसटीने धुळ्याला गेली. कंडक्टरने विचारलं, पाटीत काय आहे? ती म्हणाली, "पाय शे." त्याने घाईघाईने तिकीट फाडलं.

हे सगळं तिनेच नंतर आबांना सांगितलं, म्हणून मला माहीत. हारुनभाईंनी ठसा बघितला आणि कपाळावर हात मारला. "अक्का, टायरचा काहीच कसूर नाही. तुम्ही त्याला मागे तोंड करून पुढे पळवताय." मग त्यांनी चहाच्या दोन बश्या घेतल्या, काठावर खडूने एकेक बाण काढला आणि त्या तिच्यासमोर उभ्या धरायला दिल्या. "ही दोन चाकं. बाण पुढेच ठेवून जवळ आणून दाखवा."

तिने एक बशी जागेवर फिरवली. बाण मागे गेला. पुन्हा सरळ केली.  मग डाव्या हातातली बशी न फिरवता उजवीकडे नेली आणि उजवीकडची डावीकडे. खोलगट भाग आत आला आणि दोन्ही बाण पुढेच राहिले. हारुनभाईंनी त्या आनंदात आणखी एक चहा मागवला.

घरी येऊन तिने छगनला एवढंच सांगितलं, "दोन्ही चाकंसनी जागा बदल. फिरावू नको." छगनने तोंड वाकडं केलं, पण पाना हातात घेतला. मी भावाच्या जागी गेलो, तो माझ्या जागी आला. सोप्पं होतं हो सगळं!

दोन दिवसांनी वाफसा आला. बांधावर आबा उभे, त्यांच्यापलीकडे निंदणीच्या बायका उभ्या, जवळ यायला कुणी तयार नाही. छगनने कोळपं टेकवलं आणि क्लच सोडला. मी माती धरली. मित्रांनो, त्या दिवशी मी अशी माती धरली, जशी तुम्ही जत्रेत आईचं बोट धरता. एक ओळ झाली, दुसरी झाली, कपाशीचं एक पान तुटलं नाही आणि चाक एकदाही फिरलं नाही जागेवर. भागाबाईने पुढे होऊन ठसे बघितले आणि मागे वळून हाक दिली, "या वं बठ्ठ्या! पाय सुलटा शेतस!" आणि विळे-खुरपी घेऊन सगळ्या शेतात उतरल्या.

आबा ठशांच्या बाजूबाजूने ओळीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि चालत परत आले. सुनेपुढे उभे राहिले. "झुंबर, जोडी नको आते," एवढंच म्हणाले. तिने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मला चाकाच्या उंचीवरून दिसलं नाही.

पोळ्याला हरण्याची शिंगं रंगवली, तेव्हा उरलेल्या गेरूत बोट बुडवून आबांनी माझ्या गालावरचा बाण रंगवला. त्यानंतर ट्रॅक्टर बाहेर निघायचा त्या प्रत्येक सकाळी ओट्यावरून त्यांचा आवाज यायचा, "झुंबर, बाण देखा का?" आणि ती म्हणायची, "देखा आबा, देखा." गावातली माणसं टायर किंवा अवजार घ्यायच्या आधी तिची सुतळी मागून न्यायला लागली. छगन तर लोकांना बश्यांचा प्रयोग करून दाखवायचा, जणू त्यानेच शोधून काढला होता. मी त्याला कधीच माफ केलं आहे.

आठ वर्षं आम्ही राबलो. पट्ट्या झिजल्या, गालांना भेगा पडल्या. आमच्या जागी नवे टायर आले आणि आम्ही गोठ्यामागे पडलो. एक पावसाळा आमच्यात नुसतं पाणी साचलं आणि डास झाले. मग गुरुजींनी आम्हाला शाळेसाठी मागून आणलं. मजुरांनी खड्डे करून आम्हाला पुरलं, तेवढ्यात झुंबरबाई आली. आता केस पांढरे झाले आहेत तिचे. फाटकातच थांबून म्हणाली, "गुरुजी, बाण फाटककडे शेतस. पोरं शाळामा येतीन का घर पयतीन?"

गुरुजी हसले, मजूर वैतागले, पण आम्हाला उकरून पुन्हा नीट बसवावं लागलं. आता आमचे बाण तुमच्या वर्गाच्या दाराकडे आहेत.

आबांना जाऊन तीन वर्षं झाली. तरी दर पोळ्याला, तुम्हाला सुट्टी असते तेव्हा, झुंबरबाई वाटीत गेरू घेऊन इथे येते. गुडघे धरत खाली बसते, आधी भावाचा बाण रंगवते, मग माझा. आणि कुणी काही विचारलेलं नसताना म्हणते, "देखा आबा, देखा."

म्हणून, मित्रांनो, उड्या मारा, खुशाल मारा. फक्त तुमच्या घरी कुठलंही यंत्र आणलं तर पहिल्या दिवशीच त्याच्या अंगावर काय लिहिलंय ते बघा. आम्हाला सांगता येत नाही. आणि पावसात माझा गेरू धुऊन गेला, तर पोळ्याची वाट न बघता झुंबरअक्काला निरोप द्या. तिचे गुडघे दुखतात, म्हणून वाटी तिची घ्या आणि बोट तुमचं बुडवा.